गुळाचा काळा रंग

विभावरी गेल्यानंतर सव्विसाव्या दिवशी ऋचाचा फोन आला. ऋचा आमच्या वाचकमंडळाची सगळी व्यवस्था बघते. 'आमच्या' म्हणालो, पण मंडळ माझ्या बायकोचं, विभावरीचं. मी तिला स्कूटरवरून हूटगळ्ळीला ऋचाच्या घरी सोडायचो आणि दोन तासांनी आणायला जायचो, एवढाच माझा संबंध.

"काका, विचारावं की नको, कळत नव्हतं," ऋचा म्हणाली. "डिसेंबरचा शेवटचा रविवार आता जवळ आला. काकूंनी यादी केली असेल का?"

मंडळात पंधरा-सोळा माणसं आहेत. बहुतेक जण पुण्या-नाशिककडून नोकरीसाठी इथे कन्नड मुलखात आलेले. दर वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी प्रत्येकाने वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांपैकी आपली आवडती पाच सांगायची, का आवडली ते सांगायचं, आणि पहिल्या नंबरचं पुस्तक तिथल्या तिथे कुणाला तरी वाचायला द्यायचं, अशी त्यांची पद्धत आहे. विभावरीच्या यादीत पाचही ऐतिहासिक कादंबऱ्या असायच्या. दुसरं काही ती वाचायची, पण यादीत घ्यायची नाही.

"आम्ही सगळे काकूंच्या यादीची वाट बघायचो," ऋचा म्हणाली. "त्यांनी पास केलेलं पुस्तक डोळे मिटून विकत घ्यायचं, असं ठरलेलंच होतं. यंदा त्यांची यादी तुम्ही वाचाल का?"

"बघतो," मी म्हणालो.

देवराज मोहल्ल्यात माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. बाई साडी काउंटरवर टाकते आणि मी मागे वळून थेट त्या रंगाचा तागा काढतो. तेवढं मला येतं. आम्ही मूळचे रंगारी. आजोबांपर्यंत घरात कापड रंगवायचं काम होतं, वडिलांनी ते बंद करून दुकान टाकलं. माझी शाळा कन्नडमधली, एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावी. मराठी आम्ही घरात बोलायचो, तीही अर्धी कन्नड. विभावरी मिरजेची. लग्न होऊन आली तेव्हा पहिले सहा महिने माझं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावायची. तिनेच मला मराठी नीट वाचायला आणि लिहायला शिकवलं. पण मी पेपरातल्या बातमीच्या पुढे गेलो नाही. कादंबरी आयुष्यात कधी वाचली नव्हती.

तिची डायरी पलंगाशेजारच्या टेबलावर होती. वर तिचा चष्मा. दोन्ही मी हलवली नव्हती. फोन ठेवल्यावर चष्मा बाजूला केला आणि डायरी उघडली.

तिची वाचायची एक पद्धत होती. ऐतिहासिक कादंबरी ती दोनदा वाचायची. पहिल्यांदा गोष्टीसाठी. ते वाचून पुस्तक आवडलं तर डायरीत मागच्या पानावर यादीत नाव लिहायची. मग काही महिन्यांनी तेच पुस्तक पुन्हा, हातात पेन्सिल घेऊन. ह्याला ती तपासणी म्हणायची. त्या काळात बटाटा होता का, त्या वाटेने एका दिवसात घोडा पोचेल का, अमुक तिथीला चांदणं असेल का. हे सगळं ती स्वतः शोधायची. रंग मात्र मला विचारायची.

"अहो, सोळाशे ऐंशी साल आहे. राणी झगझगीत गुलाबी शालू नेसलीय. होईल?"

मी दाढी करत असायचो नाहीतर जेवत. "नाही होणार. तो रंग विलायती पावडरीचा, फार पुढचा. आपण राणी कलर म्हणतो ना, तो राणीच्या काळी नव्हता."

"मग काय नेसली असेल?"

"मंजिष्ठेच्या मुळांचा लाल नेस म्हणावं."

ती हसायची आणि पेन्सिलीने काहीतरी लिहायची. मला वाटायचं, नवऱ्याचं मन राखायला विचारते. संसारात अशी बोलणी चालतातच.

डायरीच्या पानापानांवर लिहिलेलं होतं, 'हे म्हणतात'. मग मी कपाटातल्या जुन्या डायऱ्या काढल्या. सगळ्यांत तेच. 'हे म्हणतात, हिरवा रंग एका बुडवणीत होत नाही. आधी नीळ, मग हळद किंवा डाळिंबाची साल. लेखिकेला पत्र पाठवले.' खाली दुसऱ्या शाईत, 'उत्तर आले. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करणार आहेत.' एका ठिकाणी, 'घोडे फार, माणसे कमी. तरी चालले असते. पण हे म्हणतात, असा केशरी चार पावसाळे टिकत नाही, आणि पूर्ण शेवट त्या शेल्यावर आहे. काढले.'

माझ्या एका वाक्यावर तिने पुस्तकं काढली होती आणि ठेवली होती. मी कधी विचार करून उत्तर दिलं आणि कधी असंच तोंडाला आलं ते दिलं, हे मला आता आठवेना.

ह्या वर्षीच्या पानावर पाच नावं होती. दुसऱ्या नंबरवर एका जासूदाची गोष्ट. तो आयुष्यभर पत्रं पोचवतो, पण त्याला स्वतःला वाचता येत नाही. विभावरीने पुढे लिहिलं होतं, 'शेवट घाईत उरकला आहे, पण जासूद खरा.' तिसरी प्लेगच्या छावणीतल्या सुइणीची. 'रडवायचा प्रयत्न करत नाही, म्हणून रडू आले.' चौथी कोकणातल्या मिठाच्या होडीवरच्या दोन भावांची. 'पाणी आणि वारा नीट माहीत असलेला लेखक.' पाचवी दुष्काळाच्या वर्षी कोठारावर बसलेल्या कारकुनाची. 'ह्या माणसाचा राग येत नाही, हेच लेखकाचे यश.'

पहिल्या नंबरवर नाव होतं 'छावणीमागची बाई'. पुढे मार्चमधली तारीख आणि लिहिलेलं, 'गेल्या दहा वर्षांतले सर्वांत चांगले.' त्या नावावर पट्टी लावून एक सरळ रेघ मारलेली होती. खाली बारीक अक्षरात, 'हे म्हणतात, गुळाने काळा रंग होत नाही. पायाच चुकीचा. काढले. १४ सप्टेंबर.'

चौदा सप्टेंबर मला आठवतो. विभावरीला दवाखान्यात ठेवून आठ दिवस झाले होते. त्या दिवशी प्लेटलेट्स हव्या होत्या आणि मी खिडकीशी उभा राहून एकामागून एक फोन करत होतो. ती उशीला टेकून वाचत होती. मी एक नंबर लावला, तो उचलेना, दुसरा शोधत होतो, तेवढ्यात तिने विचारलं, "अहो, लोखंड आणि गूळ पाण्यात घालून काळा रंग होईल का हो?"

मी मान वर केली नाही. "कसला गुळाचा काळा? नाही होत. लिहिणाऱ्याला काय, काहीही लिहितो."

"नक्की?"

"अगं, नक्की. मला जरा बोलू दे."

एवढंच झालं. प्लेटलेट्स त्या दिवशी मिळाल्या.

पुस्तक दवाखान्याच्या पिशवीतच होतं. टॉवेल, थर्मास आणि त्याच्या खाली ते. दुसऱ्या दिवशी मी दुकानात घेऊन गेलो आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचायला लागलो. माझं वाचन हळू. एका पानाला पाच मिनिटं लागतात. गोष्ट अशी, की सैन्याच्या छावणीमागून एक विधवा रंगारीण आपल्या मुलीला घेऊन चालते आहे. रात्री दिसू नयेत म्हणून सरदाराला काळे तंबू हवेत. ते काम तिच्याकडे येतं. बैलगाडीवर रांजण ठेवून ती घोड्यांचे जुने नाल आणि गूळ पाण्यात आंबत ठेवते.

एकसष्टाव्या पानावर रांजणाचं तोंड उघडल्यावर वास येतो, असं आहे. आंबलेला गोड वास आणि त्याच्या आत गंजाचा. लेखकाने दोन ओळींत लिहिलंय. मी त्या दोन ओळी वाचल्या आणि हातातलं पुस्तक खाली ठेवलं. तो वास मला माहीत होता. कुठून माहीत होता ते कळेना, पण नाकात आला.

त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं आणि लष्कर मोहल्ल्यात भवानीबाईकडे गेलो. भवानीबाई माझ्या वडिलांची चुलतबहीण, माझी आत्या. सत्त्याऐंशी वर्षांची आहे. आमच्यातलं रंगकाम बघितलेलं माणूस आता तेवढंच उरलंय.

"बा, बा. कूतको," तिने मला बसायला सांगितलं. "जेवलास का? तोंड बघ कसं झालंय. विभावरी गेली म्हणून सुम्मने, उगाच उपाशी राहायचं काय?"

"जेवलो, आत्या. एक विचारायचं होतं. आजोबा काळा रंग कशाने करायचे?"

"कशाने म्हणजे? लोखंड आणि गूळ."

कसं ते सांग, म्हणालो.

"लोखंडाचे तुकडे, गूळ, पाणी. वीस दिवस झाकून ठेवायचं. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात. मग ह्याच्यात घातलं की बघता बघता काळं. गूळ नाही तर काळा येतो कसा? तुला नेनपु इल्वा?" आठवत नाही का, असं ती विचारत होती. मग एकदम हसायला लागली. "अय्यो, विजू! तूच तर रांजण पाडलास! सहा वर्षांचा होतास. हिरड्याच्या टोपात पाय घालून खेळलास आणि तसाच धावत जाऊन रांजणावर आपटलास. गुडघ्यापर्यंत पाय काळा! तुझी आई घासून घासून थकली. आठ दिवस शाळेत मुलं तुला काळ्या पायाचा म्हणायची. आणि आता मोठा रंगांचा दुकानदार, मला येऊन विचारतो काळा कशाने करतात. गूबे!"

घुबड म्हणजे मूर्ख. माझ्या आत्याला मला तसं म्हणायचा हक्क आहे. मी तिला दवाखान्यातलं सगळं सांगितलं.

"तिला ठाऊक नव्हतं की तू चुकलास," ती म्हणाली.

"नव्हतं."

"मग तिच्या लेखी तू बरोबरच."

हे ती मला बरं वाटावं म्हणून बोलली. मला ते जास्त लागलं.

त्या रविवारी मुलीचा फोन आला. अदिती पुण्याला असते. तिला सांगितलं.

"बाबा, आईने स्वतःच्या हाताने काढलंय ना? मग चार वाचा आणि सोडून द्या. कोण विचारणार आहे?"

"मी चूक सांगितलं म्हणून काढलं तिने."

"तुम्ही तेव्हा काय अवस्थेत होता, ते मी बघितलंय. स्वतःला इतकं का छळताय?"

"छळत नाही गं. दुरुस्त करता येतंय का बघतोय."

"पण आईची यादी तुम्ही कशी बदलणार? मंडळातल्यांना वाटेल, नवऱ्याने स्वतःच्या मनाने घातलं. म्हातारीला आठवतंय, तेवढाच पुरावा."

तिचं म्हणणं खरं होतं. विभावरीने कुणाच्या आठवणीवर कधी विश्वास ठेवला नाही. दाखला मागायची. फक्त माझ्याकडे मागत नव्हती.

म्हणून मी रंग करायला घेतला. मोहल्ल्यातल्या वेल्डिंगवाल्याकडून गंजके तुकडे आणले, दोन ढेपा गूळ आणला, गच्चीवर मातीचा माठ ठेवून त्यात पाणी ओतलं आणि तोंडाला फडकं बांधलं. पाच डिसेंबर होता. रोज सकाळी जाऊन ढवळायचो. आठव्या दिवशी फेस आला, तेव्हा वास यायला लागला. शेजारच्या बाईंनी वर येऊन कन्नडमध्ये विचारलं, काही मेलंबिलं आहे का. मी सांगितलं, रंग करतोय. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि संध्याकाळी मला सांबार-भात पाठवून दिला. बायको गेल्यावर माणूस वेडा झाला, असं त्यांना वाटलं असणार.

दरम्यान मी वाचत होतो. पंच्याहत्तराव्या पानावर समासात विभावरीचं पेन्सिलीतलं प्रश्नचिन्ह होतं. शेजारी, 'तांबडा, पावसात धुतला तरी?' ब्याण्णवाव्या पानावर, 'आल किती दिवस उकळावी लागते?' आल म्हणजे तांबड्या रंगाचं झाडाचं मूळ. पुढे एकशे अठरावर, 'मीठ घातले तर नीळ पक्की होते का?'

रेघ मारून पुस्तक यादीतून काढल्यावरही तिने तपासणी शेवटपर्यंत केली होती. हे प्रश्न ती मला विचारणार होती. पुढे उत्तर कुठेच नव्हतं. मी आठवून बघितलं. चौदा सप्टेंबरनंतर तिने मला एकही रंग विचारला नाही. त्या वेळी ते माझ्या लक्षात आलं नाही. दमली असेल, एवढंही मनात आलं नाही. मी फोन करत होतो, औषधं आणत होतो, डॉक्टरांना भेटत होतो. ती पेन्सिलीने प्रश्न लिहीत होती आणि मला त्रास नको म्हणून ठेवून देत होती.

मी दुकानातली पेन्सिल घेतली आणि पंच्याहत्तराव्या पानावर तिच्या प्रश्नाखाली लिहिलं, 'आलेचा असेल तर टिकतो. तुरटी नीट लागलेली पाहिजे.' माझं अक्षर तिच्यापुढे शाळेतल्या मुलासारखं दिसत होतं. जे मला नक्की माहीत नव्हतं ते भवानीबाईला जाऊन विचारलं. तिलाही माहीत नव्हतं तिथे 'माहीत नाही' असं लिहिलं.

पंचवीस डिसेंबरला मांजरपाटाचा हातभर तुकडा खळ काढून हिरड्याच्या पाण्यात बुडवला. पिवळट झाला. वाळवला. मग माठात घातला. आत्या म्हणाली तसंच झालं. हाताखाली बघता बघता कापड करडं झालं आणि दोनदा काढून घातल्यावर काळं. मी हातमोजे घातले नव्हते. आदल्या दिवशी हिरडे कुटून भिजवल्यापासून हात त्या पाण्यात होते, त्यामुळे बोटंही रंगली. कापड चार पाण्यांतून काढलं. रंग सुटला नाही.

रविवारी मी एकटाच स्कूटरवरून हूटगळ्ळीला गेलो. ऋचाच्या हॉलमध्ये सगळे खाली बसले होते. मला खुर्ची दिली. एकेकाने आपापली पाच पुस्तकं सांगितली. मग ऋचा म्हणाली, "काका?"

मला बोलायची सवय नाही. मी डायरी उघडली आणि पाचव्या नंबरपासून सुरुवात केली. कारकून, होडी, सुईण, जासूद. तिने लिहिलं होतं ते जसंच्या तसं वाचलं. सुइणीचं वाचताना कुणीतरी नाक ओढलं. मग मी थांबलो.

"पहिल्या नंबरवर रेघ आहे," मी म्हणालो. "तिने मारलेली आहे. कारण लिहिलंय ते वाचतो." आणि 'हे म्हणतात'पासून 'काढले'पर्यंत वाचलं.

"हे म्हणजे मी. मी तिला चूक सांगितलं. विचार न करता सांगितलं. गुळाने काळा रंग होतो. हा बघा." मी पिशवीतून कापड काढून ऋचाच्या हातात दिलं. "रेघ मी पुसणार नाही, ती तिची आहे. पण रेघेचं कारण खोटं होतं आणि ते माझं होतं. आता तुम्ही ठरवा."

कापड हातोहात फिरलं. कुणी वास घेतला, कुणी खिडकीशी नेऊन बघितलं.

"त्यांनी पट्टी लावून रेघ मारलीय," डायरी बघत ऋचा म्हणाली. "मागच्या वर्षांच्या पानांवर काढलेल्या पुस्तकांवर हातानेच फुली आहे. वाचता यावं, असं काढलंय हे नाव."

ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"माझ्या मते काकूंचं पहिलं पुस्तक 'छावणीमागची बाई'," ऋचा म्हणाली. "कुणाचं दुसरं मत आहे?"

कुणाचं नव्हतं.

"मग नियमाप्रमाणे ते कुणाला तरी द्यायला लागेल, काका," मागून एक तरुण म्हणाला, आणि ऋचाने त्याच्याकडे डोळे वटारले. "नाही, म्हणजे, मला वाचायचंय म्हणून म्हटलं."

"देणार," मी म्हणालो. "पण माझं चाळीस पानं वाचायचं राहिलंय. तिचे काही प्रश्न आहेत समासात. तेवढे झाले की तुला."

"किती दिवस लागतील?"

"मी हळू वाचतो रे."

पहिल्यांदा लोक हसले. मीही थोडा हसलो असेन.

घरी आल्यावर मी डायरीत रेघेखाली लिहिलं, 'होतो. मी करून बघितला. विजय.' आणि पुस्तक घेऊन बसलो. ती चाळीस पानं संपायला मला चार दिवस लागले. तंबू रंगवून होतात, छावणी पुढे जाते, आणि रंगारीण आजारी मुलीला घेऊन एका गावात मागे राहते. त्या गावात तिला कुणी पाणी भरू देत नाही, कारण तिचे हात काळे आहेत. शेवटच्या पानाच्या आधी विभावरीचा शेवटचा प्रश्न आहे. 'हाताचा काळा किती दिवसांनी जातो?'

भवानीबाईने सांगितलं होतं, आठ दिवस. पण ते पायाचं, आणि लहान मुलाचं. आज माझा नववा दिवस आहे. तळवे स्वच्छ झाले, बोटांची पेरंही. नखं अजून काळी आहेत. दुकानात बायका बघतात आणि काही विचारत नाहीत. तेवढं एक उत्तर लिहायचं राहिलंय. नखं साफ झाली की तारीख बघून लिहीन, आणि मग पुस्तक त्या मुलाला देईन.